आठशे मीटरचा निवाडा

मालेगावहून सटाण्याकडे किंवा मनमाडकडे भल्या पहाटे निघालेल्या माणसास अलीकडच्या काळात एक नवे दृश्य पाहावयास मिळते. अंधार पुरता सरलेला नसतो, आणि कसमादे पट्ट्यातील खेड्यापाड्यांतल्या मुली रस्त्याच्या कडेने धावत असतात. त्यांतील बहुतेकींच्या डोळ्यांपुढे ऑलिंपिक नसते, पोलीस भरतीची मैदानी चाचणी असते. ह्या चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ह्या मुलींना कदाचित ठाऊक नसेल, पण नेमके हेच अंतर स्त्रीच्या शरीरास झेपणारे नाही, असा निवाडा एकेकाळी जगातील क्रीडाधुरीणांनी दिला होता, आणि तो तीन तपांच्या आसपास अमलात राहिला. ज्या शर्यतीचे निमित्त करून तो देण्यात आला, तीत दुसरी आलेली तरुणी आशियातील होती. तिचे नाव किनुए हितोमी.

हितोमीचा जन्म १ जानेवारी १९०७ रोजी जपानच्या ओकायामा प्रांतातील फुकुहामा नावाच्या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलींनी शिकावे ते उत्तम गृहिणी आणि सुजाण माता होण्यासाठी, अशी त्या काळच्या जपानची धारणा होती. तरीही आईवडिलांनी तिला ओकायामा शहरातील मुलींच्या माध्यमिक शाळेत घातले. गावापासून शाळेपर्यंतची रोजची पायपीट हीच तिची पहिली तालीम ठरली. शाळेत तिला टेनिसची गोडी लागली. १९२३ साली प्रांतिक मैदानी स्पर्धेत तिने ४.६७ मीटर लांब उडी मारली, तेव्हा जपानमध्ये तोवर कोणत्याही मुलीने एवढी उडी मारल्याची नोंद नव्हती.

पुढच्या वर्षी ती टोकियोस गेली. इंग्लंडमध्ये शारीरिक शिक्षणाचे पाठ घेऊन आलेल्या तोकुयो निकाईदो ह्या शिक्षिकेने तेथे मुलींसाठी व्यायामशिक्षणाची संस्था काढली होती. त्या संस्थेत हितोमी शिकली. त्याच वर्षी तिहेरी उडीत तिने १०.३३ मीटरचा उच्चांक केला. काही काळ शिक्षिकेची नोकरी केल्यावर १९२६ साली ती ओसाकाच्या ‘मैनिची’ ह्या वृत्तपत्रात बातमीदार म्हणून रुजू झाली. मैदानावर धावणारी आणि कचेरीत बसून लेखणी चालविणारी स्त्री ही त्या समाजास दुहेरी अपूर्वाईची गोष्ट होती.

त्या वेळी ऑलिंपिकमधील मैदानी स्पर्धांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. ते उघडावेत म्हणून फ्रान्सच्या आलिस मिलिया ह्या कर्तृत्ववान स्त्रीने स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघ उभारला आणि १९२२ साली पॅरिसमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरविली. दुसरी स्पर्धा १९२६ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाली. जपानतर्फे तेथे गेलेली हितोमी एकटीच होती. सायबेरियाच्या रेल्वेने दिवसचे दिवस प्रवास करून १९ वर्षांची ही मुलगी युरोपात उतरली. तेथे तिने लांब उडी आणि जागेवरून मारावयाची लांब उडी ह्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, थाळीफेकीत दुसरा आणि १०० यार्डांत तिसरा क्रमांक मिळविला. वैयक्तिक गुणांत ती सर्वांत पुढे होती. लांब उडीत तिने मारलेली ५.५० मीटरची मजल जागतिक उच्चांकाची होती.

मायदेशी तिचे कौतुक झाले, पण निर्भेळ कौतुक काही तिच्या वाट्यास आले नाही. ती चांगली उंच होती. उघड्या पायांनी मैदानात उतरणे हे अनेकांना निर्लज्जपणाचे वाटे. ही स्त्रीच आहे काय, अशी कुजबुज तिच्या पाठीमागे चाले. ह्या कुजबुजीस तिने मैदानावरच उत्तर दिले. २० मे १९२८ रोजी ओसाका येथे तिने १०० मीटर अंतर १२.२ सेकंदांत कापले आणि लांब उडीत ५.९८ मीटर मजल मारली. हे दोन्ही जागतिक उच्चांक होते, आणि लांब उडीचा उच्चांक तर पुढे अकरा वर्षे कोणाला मोडता आला नाही.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये अखेर मैदानी स्पर्धांत स्त्रियांना प्रवेश मिळाला, पण तोही हात राखूनच. १०० मीटर, ८०० मीटर, ४०० मीटरची रिले, उंच उडी आणि थाळीफेक एवढे पाचच प्रकार त्यांच्यासाठी ठेवले होते. हितोमीचे हुकमी अस्त्र असलेली लांब उडी त्यांत नव्हती. जपानच्या पथकात ती एकटीच स्त्री होती, आणि १०० मीटरमध्ये पदक तिचेच, असे देशाने गृहीत धरले होते. ती उपांत्य फेरीतच बाद झाली. ज्या समाजाने इतक्या अनिच्छेने तिला मैदानावर पाठविले होते, त्याच्यापुढे रिकाम्या हातांनी जाणे तिला अशक्य वाटले. तिने ८०० मीटर धावण्याचे ठरविले. ह्या अंतराची स्पर्धा ती त्यापूर्वी कधीच धावली नव्हती.

२ ऑगस्ट १९२८ रोजी अंतिम शर्यत झाली. नऊ जणी धावल्या. मध्ये मागे पडलेली हितोमी दुसऱ्या फेरीत एकेकीस मागे टाकीत पुढे सरकली आणि जर्मनीच्या लीना राडके हिच्या पाठोपाठ दुसरी आली. राडकेची वेळ २ मिनिटे १६.८ सेकंद, तर हितोमीची २ मिनिटे १७.६ सेकंद होती. आदल्या जागतिक उच्चांकापेक्षा पहिल्या तिघींचीही वेळ सरस होती. ऑलिंपिक पदक मिळविणारी हितोमी ही जपानची, किंबहुना आशियातील, पहिली स्त्री होय. शर्यत संपताच ती मैदानावर कोसळली. पायांतील त्राण तिने शेवटच्या पावलापर्यंत पुरविले होते, त्यापुढे ते उरले नव्हते.

वस्तुतः ह्या शर्यतीची कथा तीन स्त्रियांनी मोडलेल्या जागतिक उच्चांकाची कथा व्हावयास हवी होती. झाली ती कोसळलेल्या स्त्रियांची. परदेशी वृत्तपत्रांनी धावपटूंच्या दुर्दशेची वर्णने रंगवून छापली. एका अमेरिकी लेखकाने तर अकरा जणी धावल्या आणि त्यांतील पाच जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, असे लिहून टाकले. प्रत्यक्षात धावणाऱ्या नऊ होत्या आणि नवाच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली होती. पण खोटी बातमी सोयीची असली की तिची शहानिशा करण्याची निकड कोणास वाटत नाही. ज्यांना स्त्रिया मैदानावर मुळातच नको होत्या, त्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. ८०० मीटरची स्त्रियांची शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. १९३२ पासून १९५६ पर्यंतच्या एकाही ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरपेक्षा लांब शर्यत नव्हती.

पुरुषांना हाच न्याय लावला असता तर काय झाले असते? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात वारंवार कोसळला. १९१२ साली स्टॉकहोममध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन धावताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उष्म्याने गळून गेला आणि शर्यत पुरी करू शकला नाही. तरी मॅरेथॉन बंद झाली नाही. पिएत्री लोकांच्या सहानुभूतीचा धनी झाला, तर कानाकुरी पुढे जपानी मॅरेथॉनचा जनक म्हणून गौरविला गेला. पुरुष कोसळला तर ती पराक्रमाची परिसीमा ठरली आणि स्त्री कोसळली तर तो दुर्बलतेचा पुरावा ठरला. दोष शरीराचा नव्हता, पाहणाऱ्याच्या दृष्टीचा होता.

ह्या दृष्टीतील विसंगती हितोमीच्या ओसाकातच ढळढळीत दिसत होती. ओसाका हे जपानच्या कापड धंद्याचे माहेरघर होते. तेथील सूतगिरण्यांत खेड्यांतून आणलेल्या हजारो मुली रोज दहा-अकरा तास उभ्याने राबत, १९२९ पर्यंत तर रात्रपाळीही करीत. क्षयाने खंगून त्यांतील कितीतरी गावी परतत. हे श्रम स्त्रीच्या शरीरास झेपणारे नाहीत, असा निवाडा कोणा धुरीणांनी दिला नव्हता. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मालेगावास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. घरोघरी कांड्या भरणाऱ्या आणि कांद्याच्या लागवडीत दिवसभर कमरेत वाकून राहणाऱ्या बायांच्या नाजूकपणाची चिंता कोणी वाहिल्याचे ऐकिवात नाही. स्त्रीचे शरीर नाजूक असल्याचा साक्षात्कार समाजाला होतो तो ती दुसऱ्यांसाठी राबते तेव्हा नव्हे, स्वतःसाठी धावते तेव्हा.

हितोमीच्या आयुष्याचा उत्तरार्ध ह्याहून करुण आहे. तिला मैदानावर एकटे राहावयाचे नव्हते. १९३० साली प्राग येथे स्त्रियांची तिसरी जागतिक स्पर्धा भरणार होती. तीत आपल्याबरोबर तरुण मुलींचा संघ न्यावयाचा असा तिने पण केला. पैसा नव्हता. तेव्हा वृत्तपत्राची नोकरी आणि स्वतःचा सराव सांभाळून तिने गावोगाव व्याख्याने दिली आणि शाळाशाळांतील मुलींकडून चिल्लर नाण्यांची वर्गणी गोळा केली. त्या पैशांतून पाच मुलींना घेऊन ती प्रागला गेली. लांब उडी तिने पुन्हा जिंकली, ६० मीटर आणि भालाफेकीत तिसरा क्रमांक मिळविला. तेवढ्यावर सुटका नव्हती. लागोपाठ वॉर्सा, बर्लिन, ब्रसेल्स आणि पॅरिस येथे सामने ठरलेले होते, आणि थकलेल्या शरीराने ती प्रत्येक ठिकाणी मैदानात उतरली.

परतीच्या वाटेवर मायदेशातील नापसंतीचे सूर तिच्या कानी आले. लोकांना अधिक यश हवे होते. परतल्यावरही तिने विश्रांती घेतली नाही. वर्गणी देणाऱ्यांचे आभार मानण्यासाठी पुन्हा दौरे, पुन्हा व्याख्याने आणि जोडीला कचेरीचे काम सुरू झाले. १९३१ च्या वसंतात फुप्फुसांच्या विकाराने तिने अंथरूण धरले. २ ऑगस्ट १९३१ रोजी ओसाकाच्या इस्पितळात तिचे निधन झाले. ॲमस्टरडॅमच्या शर्यतीस त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती, आणि तिचे वय अवघे २४ वर्षांचे होते. प्रागच्या ओल्शानी दफनभूमीत तिचा स्मृतिशिला-लेख आहे.

तिला शर्यतीने मारले, असे म्हणणाऱ्यांची तेव्हा वाण नसावी. तिच्या शेवटच्या दीड वर्षाची दिनचर्या पाहिली म्हणजे निराळेच चित्र दिसते. धावपटू, बातमीदार, मार्गदर्शक, व्यवस्थापक आणि वर्गणीदारांची ऋणको अशी पाचसहा माणसांची कामे एकटीच्या शिरावर होती. ज्या संस्थांनी तो भार उचलावयाचा, त्यांनी तो तिच्यावर टाकला होता. आधी अडवावयाचे आणि मग जी अडथळे ओलांडील तिच्यावर सर्वांच्या अपेक्षांचे ओझे लादावयाचे, ही समाजाची जुनी रीत आहे.

निवाडा बदलावयास फार काळ गेला. ८०० मीटरची शर्यत १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये परत आली. १५०० मीटरसाठी १९७२ आणि मॅरेथॉनसाठी १९८४ साल उजाडावे लागले. १९९२ साली बार्सिलोनात जपानच्या युको आरिमोरी हिने मॅरेथॉनचे रौप्यपदक पटकाविले. हितोमीनंतर मैदानी स्पर्धांत ऑलिंपिक पदक मिळविणारी ती जपानची पहिली स्त्री. मध्ये ६४ वर्षे गेली होती, आणि योगायोग असा की आरिमोरीही ओकायामाचीच. त्यानंतर २००० साली सिडनीत नाओको ताकाहाशी आणि २००४ साली अथेन्समध्ये मिझुकी नोगुची ह्यांनी मॅरेथॉनची सुवर्णपदके जिंकली. ज्या देशाच्या मुलीकडे बोट दाखवून स्त्रियांना दोन फेऱ्यांची शर्यत नाकारली गेली, त्याच देशाच्या मुलींनी ४२ किलोमीटरांवर प्रभुत्व मिळविले.

त्या निवाड्याची झळ भारतासही लागली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईची मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर धावली; त्यापुढचे अंतर स्त्रियांसाठी नव्हतेच. पुढे काळ पालटला. नाशिक जिल्ह्याच्या हरसूल भागातील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. पायाखालची वाट हीच तिचीही पहिली तालीम होती. फुकुहामा आणि सावरपाडा ह्यांतील अंतर नकाशावर वाटते तेवढे मोठे नाही.

म्हणूनच हितोमीचे स्मरण केवळ एका विक्रमवीर स्त्रीचे स्मरण ठरू नये. धावणे मुलींना झेपेल काय, हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. उरलेला प्रश्न समाजाचा आहे, आणि तो हितोमीच्या मृत्यूने विचारलेला आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने, वाहनांना चुकवीत धावणाऱ्या मुलीला सुरक्षित मैदान मिळते काय? धावून आल्यावर तिच्या ताटात पोटभर सकस अन्न पडते काय, की लगेच पाण्याचे हंडे आणि शेतातली कामे तिची वाट पाहत असतात? पदक आल्यावर हार घालणारे हात पदकापूर्वीच्या वर्षांत कोठे असतात? भरतीच्या मैदानावर ८०० मीटर धावून एखादी मुलगी धापा टाकीत खाली बसली, तर तिला पाणी द्यावे आणि सावलीत न्यावे. तिच्या बसण्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. ॲमस्टरडॅममध्ये ती घाई झाली, आणि तिची किंमत जगातील स्त्रियांनी ३२ वर्षे मोजली.