ठिणगीला शिस्त लावणारा कारखानदार : रॉबर्ट बॉश

जुन्या चार सिलिंडरच्या स्पोर्ट्स कारचे बॉनेट उघडले, की डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून निघालेल्या पाच जाड वायरी दिसतात. मधली कॉइलची, उरलेल्या चार स्पार्क प्लगांच्या. या वायरी बदलताना एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची आणि मगच दुसरीला हात घालायचा, ही गॅरेजमधली पहिली शिकवण. अशा बहुतेक इंजिनांत ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते. दोन वायरींची अदलाबदल झाली, की इंजिन एक तर सुरूच होत नाही किंवा फटाके फुटल्यासारखे आवाज काढते. योग्य सिलिंडरमध्ये योग्य क्षणी भरवशाची ठिणगी पोचविण्याचे हे तंत्र ज्यांच्या कारखान्यात पक्के झाले, ते रॉबर्ट बॉश.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडील खानावळ आणि शेती सांभाळीत. उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केल्यावर त्यांनी अनेक ठिकाणी नोकऱ्या केल्या. १८८४ मध्ये ते अमेरिकेत जाऊन एडिसन यांच्या कारखान्यात राबले, पुढच्या वर्षी लंडनमध्ये सीमेन्समध्ये होते. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःचे वर्कशॉप थाटले, तेव्हा सोबत एक कारागीर आणि एक हरकाम्या पोऱ्या एवढाच परिवार होता. टेलिफोन बसविणे, विजेच्या घंटा लावणे अशी मिळतील ती कामे ते घेत. सुरुवातीची अनेक वर्षे कर्जातच गेली.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवून मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात आर्मेचर हलवून ठिणगीपुरती वीज निर्माण करणारे यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही. गंमत अशी, की ही कल्पना बॉश यांची नव्हती. डॉइट्झच्या इंजिन कारखान्याने असे यंत्र आधीच वापरले होते. त्यावर पेटंट नाही, याची खात्री करून बॉश यांनी त्यात सुधारणा केली. संशोधक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण त्यांचे खरे बळ काटेकोर कारागिरीत आणि योग्य माणसे हेरण्यात होते.

मोटारगाडीचा प्रश्न निराळा होता. स्थिर इंजिने संथ चालत. गाडीची इंजिने मिनिटाला शेकडो फेरे घेत. १८९७ मध्ये द दियों-बूतों कंपनीच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसविण्याचे काम आले, तेव्हा जड आर्मेचर त्या वेगाला पुरे पडेना. कारखान्यातील आर्नोल्ड झेरिंगर यांनी आर्मेचर स्थिर ठेवून त्याभोवती धातूची हलकी नळी हलविण्याची युक्ती काढली. तरी एक अडचण उरलीच. ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत दोन टोके एकमेकांना टेकवून दांड्याने दूर करावी लागत. हे दांडे झिजत आणि त्यांची जुळणी सतत बिघडे.

बॉश यांनी हे काम गॉटलोब होनोल्ड या तरुण इंजिनिअरवर सोपविले. होनोल्ड यांनी काही महिन्यांतच उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. १९०२ पासून तो बाजारात आला. दांडे गेले, त्यांच्या जागी इन्सुलेशन चढविलेली वायर आली. सिलिंडर कितीही असोत, प्रत्येकापर्यंत स्वतंत्र वायर नेता येऊ लागली. आणि वायरींच्या क्रमाची डोकेदुखीही तेव्हापासूनच मेकॅनिकांच्या नशिबी आली!

शर्यतींनी बॉश यांचे नाव गाजविले. १९०३ मध्ये आयर्लंडमधील गॉर्डन बेनेट शर्यत कामील जेनात्झी यांनी मर्सिडीजमधून जिंकली. त्या गाडीचे प्रज्वलन बॉशचे होते. लाल दाढीच्या जेनात्झींवरून पुढे जाहिरातीतला लाल सैतान जन्मला.

पैसा आल्यावर १९०६ मध्ये बॉश यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. इतर कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणून हिणवीत. मात्र १९१३ मध्ये त्यांच्याच कामगारांनी संप केला. ती जखम त्यांच्या मनाला लागली आणि ज्या मालकसंघटनेपासून ते दूर राहिले होते, तिच्यात त्यांनी प्रवेश केला. पहिल्या महायुद्धात लष्करी मागणीतून मिळालेला नफा त्यांना बोचत होता. त्यातील लक्षावधी मार्क त्यांनी लोकोपयोगी कामांना दिले. १९२१ मध्ये दीर्घ आजाराने मुलगा गेला.

हिटलरच्या राजवटीचा काळ या चरित्रातला सर्वांत अवघड भाग आहे. बॉश यांना नाझी मान्य नव्हते. छळ झालेल्या ज्यूंना कंपनीने मदत केली. लाइपझिगचे माजी महापौर कार्ल गोर्डेलर यांना १९३७ मध्ये सल्लागार म्हणून आसरा दिला. हिटलरविरोधी कटातील या नेत्याला १९४५ मध्ये फाशी झाली. पण त्याच काळात हा उद्योग जर्मन सैन्याला माल पुरवीत होता आणि युद्धात तेथे हजारो माणसांना सक्तीने राबविले गेले. यातील एक बाजू सांगून दुसरी झाकणे प्रामाणिक ठरणार नाही.

१९४० मध्ये बॉश यांच्या देणगीतून श्टुटगार्टला रुग्णालय उभे राहिले. १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला. पुढे कंपनीचे बहुतांश भाग धर्मादाय संस्थेकडे गेले.

१९५१ मध्ये बंगळूरला त्यांच्या कंपनीच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच 'मायको', स्थापन झाली आणि नंतर नाशिकच्या सातपूरलाही तिचा कारखाना आला. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. नाशिकमधल्या चौकाचे नाव मात्र मायको सर्कलच राहिले.