जेम्स मॅडिसन : मुभा नव्हे, हक्क

सन १७७४ च्या आरंभीची गोष्ट आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया हा प्रांत तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होता. तेथे एकच चर्च राजमान्य असे, आणि इतर पंथांच्या लोकांनाही त्याच्या खर्चासाठी कर द्यावा लागे. अशा वेळी एका परगण्यात पाच-सहा उपदेशक तुरुंगात पडले होते. त्यांनी चोरी केली नव्हती, की बंड केले नव्हते. आपली धर्ममते लोकांना उघडपणे सांगितली, एवढाच त्यांचा अपराध. शेजारच्या ऑरेंज परगण्यातील एका बावीस वर्षांच्या तरुणास हे कळले, तेव्हा त्याचे मन संतापाने भरून गेले. या तरुणाचे नाव जेम्स मॅडिसन. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मॅडिसन यांचा जन्म सन १७५१ मध्ये एका सधन जमीनदाराच्या घरी झाला. त्यांचे कुटुंब राजमान्य चर्चचेच असल्यामुळे छळाची झळ त्यांना स्वतःला लागली नव्हती. प्रकृतीने ते नाजूक, अंगकाठीने लहान, आणि आवाज इतका हळू की सभेत पुष्कळांना तो ऐकूही येत नसे. तथापि प्रिन्स्टन येथील कॉलेजात त्यांनी कसून अभ्यास केला होता.

सन १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेपुढे हक्कांचा जाहीरनामा आला. जॉर्ज मेसन यांच्या मसुद्यात धर्माच्या बाबतीत सर्वांस पूर्ण मुभा असावी, असे म्हटले होते. पंचवीस वर्षांच्या मॅडिसन यांना हा शब्द खटकला. मुभा देणारा वरचा असतो आणि घेणारा खालचा. आणि दिलेली मुभा उद्या परतही घेता येते. म्हणून मॅडिसन यांच्या आग्रहावरून तो शब्द गेला, आणि आपल्या विवेकाप्रमाणे धर्माचरण करण्याचा सर्वांस सारखाच हक्क आहे, असे ठरले.

पुढे सन १७८४ मध्ये ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी कर बसवावा, अशी सूचना आली. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या पंथास तो द्यावा, अशी सवलतही तीत होती. तरी मॅडिसन यांनी सन १७८५ मध्ये तिच्याविरुद्ध मोठा अर्ज लिहिला. जे सरकार आज सर्व पंथांसाठी पैसा उगवते, तेच उद्या एकाच पंथासाठी तो उगवू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. ती सूचना बारगळली, आणि सन १७८६ मध्ये जेफरसन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसन यांच्या खटपटीने मंजूर झाला.

सन १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे संयुक्त संस्थानांची राज्यघटना तयार झाली. तिच्यात मॅडिसन यांचा हात मोठा होता. परंतु तिला हक्कांची यादी जोडलेली नव्हती. मॅडिसन यांना प्रथम तिची गरजही वाटत नव्हती, कारण बहुमत खवळले म्हणजे कागदावरील शब्द त्यास अडवू शकत नाहीत, अशी त्यांची समजूत होती. उलट, ज्यांचे उपदेशक तुरुंग भोगून आले होते, त्या बाप्टिस्ट मंडळ्या भयभीत झाल्या. जेफरसन यांनीही पॅरिसहून पत्रे लिहून यादीचा आग्रह धरला.

येथेच मॅडिसन यांचा खरा मोठेपणा दिसतो. त्यांनी आपले मत बदलले. सन १७८९ च्या जानेवारीत, निवडणुकीस उभे असता, त्यांनी जॉर्ज ईव्ह नावाच्या बाप्टिस्ट पाळकास पत्र लिहून हक्कांची तरतूद करण्याविषयी आपली अनुकूलता कळविली. मते मिळविण्याचाही त्यात हेतू होता, हे आम्ही लपवीत नाही. परंतु निवडून आल्यावर ते आपला शब्द विसरले नाहीत. इतर सभासदांना जकातीचे काम अधिक निकडीचे वाटत होते. तरी ८ जून १७८९ रोजी त्यांनी दुरुस्त्या मांडल्या आणि त्यांचा पाठपुरावा केला. त्यांतील दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी कायम झाल्या. धर्म, भाषण, वृत्तपत्रे, सभा आणि गाऱ्हाणी मांडणे यांचे स्वातंत्र्य त्यांतील पहिल्या दुरुस्तीत आहे. प्रत्येक संस्थानाच्या सरकारासही विवेकस्वातंत्र्याचे बंधन असावे, ही त्यांची सूचना मात्र सेनेटने नाकारली.

पुढे सन १८०९ ते १८१७ पर्यंत ते अध्यक्ष होते, आणि २८ जून १८३६ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या चरित्रातील एक दुःखद गोष्ट सांगितलीच पाहिजे. शेजारच्या तुरुंगातील उपदेशकांसाठी ज्यांचे मन कळवळले, त्यांच्याच शेतात शंभराच्या आसपास गुलाम राबत होते. गुलामगिरी वाईट, हे त्यांना कळत होते. तरी मृत्युपत्रानेही त्यांनी त्या गुलामांना मुक्त केले नाही. ते कार्य सन १८६५ मध्ये, मोठ्या रक्तपातानंतर, दुसऱ्यांना करावे लागले.

वाचकहो, आपल्याला न लागलेली झळ दुसऱ्याची म्हणून ओळखणे, चूक कळल्यावर मत बदलणे, आणि लहानांना दिलेला शब्द पाळणे, हे तीन गुण या पुरुषापासून घेण्याजोगे आहेत. आणि जो हक्क आपण स्वतःसाठी मागतो, तो आपल्या अंगणात राबणाऱ्यासही मिळाला आहे की नाही, हे पाहण्याचा धडा आम्हांस त्यांच्या उणिवेपासून मिळतो.