पडद्यामागचा कलावंत : बाबूराव पेंटर



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत लगबग सुरू होते. नाटकात भूमिका मिळालेली मुले आनंदात असतात. पडदा रंगवायला, सामान मांडायला ज्यांना सांगितले जाते, ती मात्र हिरमुसतात. अशा मुलांसाठी आज आम्ही कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांची ओळख करून देत आहोत.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात झाला. वडील कारागीर, त्यामुळे हत्यारे आणि रंग घरातच होते. कलाशाळेत न जाता बाबूराव व त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव चित्रकला शिकले आणि संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, रस्ता. जो प्रसंग, तसा पडदा. टाळ्या नटांना मिळत, पडदा रंगवणारा विंगेतच राहत असे. पण याच धंद्यामुळे मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. तो पाहून दोघा बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. त्यांनी स्वतःच कॅमेरा घडवायला घेतला. पण काम पुरे होण्याआधीच, १९१६ साली, आनंदराव वारले. बाबूरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ साली तो कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे साहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पडदे रंगवणारा हात येथेही कामी आला. चित्रीकरणाआधी प्रसंगाचे चित्र ते कागदावर काढीत. चित्रपटांची जाहिरात-चित्रेही ते स्वतः रंगवीत. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी देवादिकांऐवजी कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. त्यात काम करणारे व्ही. शांताराम पुढे स्वतः थोर दिग्दर्शक झाले.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली आणि मराठी चित्रपटाला मोठे नाव मिळवून दिले.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. मुलाला पडद्यामागचे काम मिळाले म्हणून तक्रार घेऊन येऊ नये. चूक आमचीही आहे. आजवर आम्ही कार्यक्रमपत्रिकेत फक्त नटांची नावे छापली. यंदापासून पडदा रंगवणाऱ्या व ओढणाऱ्या प्रत्येक मुलाचे नावही त्यात असेल.