लेडी मेहरबाई टाटा: ब्लड कॅन्सरने गेल्या, मागे कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं

काष्टीसारख्या गावात कुणाला कॅन्सर निघाला की टाटाला दाखवा, असा सल्ला हमखास मिळतो. परळच्या या हॉस्पिटलमागे एका बाईंची गोष्ट आहे.

कोण होत्या मेहरबाई?

जन्म १८७९ चा, भाभा घराण्यातला. १८९८ मध्ये जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्या साडी नेसून टेनिस खेळायच्या. बालविवाहाविरोधात त्यांनी आवाज उठवला. दोराबजींनी त्यांना २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा भेट दिला होता. १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा कर्जासाठी हा हिराही गहाण पडला.

१८ जून १९३१ रोजी ल्युकेमियाने, म्हणजे ब्लड कॅन्सरने, त्या गेल्या. वय होतं ५१. तेव्हा या आजारावर खात्रीचा इलाजच नव्हता. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांची संपत्ती ट्रस्टकडे आली आणि ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं.

अणुऊर्जेचा इथे काय संबंध?

१९६२ मध्ये हे हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे गेलं. विभागाचे प्रमुख होते होमी भाभा, म्हणजे मेहरबाईंचे सख्खे भाचे. आणि अणुऊर्जेला कॅन्सरशी जोडणारा दुवा म्हणजे रेडिएशन.

रेडिएशन पेशीतला डीएनए तोडतं. तुटलेल्या डीएनएची पेशी वाढू शकत नाही, मरते. निरोगी पेशींनाही इजा होते, पण त्या ती जास्त चांगली भरून काढतात. म्हणून डोस एकदम न देता बहुतेक वेळा रोज थोडा थोडा, काही आठवडे देतात.

प्रकार मुख्यतः तीन:

• बाहेरून: कोबाल्ट किंवा लिनॅक मशीनमधून किरण गाठीवर सोडतात.
• आतून: किरणोत्सर्गी स्रोत गाठीत किंवा तिच्याजवळ ठेवतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ही पद्धत महत्त्वाची आहे.
• औषधातून: थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन देतात. थायरॉइडच्या पेशी ते शोषून घेतात.

मग आज मेहरबाई वाचल्या असत्या का?

फक्त रेडिएशनवर नाही. गाठ एका जागी असते, तिच्यावर नेम धरता येतो. ल्युकेमिया रक्तातून शरीरभर पसरलेला असतो, म्हणून तिथे मुख्य भिस्त औषधांवर असते. ती औषधं मेहरबाईंच्या निधनानंतर आली. त्यांच्या नावाने १९३२ मध्ये सुरू झालेला ट्रस्ट ल्युकेमियाच्याच संशोधनाला पैसा देतो.