पंडिता रमाबाई हिब्रू का शिकल्या?

पंडिता रमाबाई म्हटलं की शारदा सदन, विधवांचं शिक्षण आणि धर्मांतराचा वाद एवढं बहुतेकांना आठवतं. पण आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षं त्या एका वेगळ्याच कामात गुंतल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. एका स्त्रीने एकटीने हे काम केल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. त्यांच्या आधी अमेरिकेतल्या जुलिया स्मिथ यांचा इंग्रजी अनुवाद १८७६ साली छापला गेला होता.

हे काम झालं केडगावात. अहिल्यानगर शहराला लागून एक केडगाव आहे, ते हे नव्हे. हे पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातलं. दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका, म्हणजे नगर जिल्हा सुरू होतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. आईने रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब गावोगाव पायी फिरून पुराण सांगायचं आणि त्यावर पोट भरायचं. भागवताचे हजारो श्लोक लहानग्या रमाला पाठ होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकून दक्षिणा देणारं कोणी उरलं नाही. या घरात विद्या होती, पण हातात कसब नव्हतं. मजुरी करण्यात आणि भीक मागण्यात कमीपणा वाटायचा आणि पोटासाठी दुसरं काही करता येत नव्हतं, असं रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात परखडपणे लिहून ठेवलंय. १८७४ मध्ये वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, उत्तरेकडे चालत राहिली. थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा झेलमच्या काठी खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

पुढचा प्रवास बराच परिचित आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या, बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन.

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनी केडगावच्या जमिनीवर आणल्या आणि मुक्ती सदन उभं राहिलं. इथे अक्षरओळख होतीच. पण शेती, विणकाम, तेलघाणी, दूधदुभतं, छपाई यांपैकी काही ना काही प्रत्येकीला करावं लागे. दुष्काळात स्वतःचं घर कसं संपलं हे पाहिलेल्या बाईने हाताच्या कामाला इतकं महत्त्व द्यावं, यात नवल नाही.

मराठी बायबल तेव्हा होतं. पण त्यातली मराठी खेड्यातल्या बायकांना जड जात होती. शिवाय त्यातल्या संस्कृत शब्दांमागे वेदान्त आणि पुराणांचे अर्थ चिकटलेले आहेत, असा रमाबाईंचा आक्षेप होता. संस्कृतात मुरलेल्या माणसालाच हे खटकणार.

अडचण कसली, हे एका शब्दावरून कळेल. स्तोत्रसंहितेत नेफेश हा हिब्रू शब्द सारखा येतो. त्याचा अर्थ घसा, श्वास, जीव. हा नेफेश तहानतो, भुकेजतो, पुराचं पाणी त्याच्यापर्यंत चढतं. त्याला आत्मा म्हटलं की मराठी वाचकापुढे गीतेतला अविनाशी आत्मा उभा राहतो. त्याला कसली तहान!

शहाणपणाचंही तसंच. होख्मा हा हिब्रू शब्द आपण ज्ञान म्हणून सोडून देतो. पण निर्गमाच्या पुस्तकात सूत कातणाऱ्या बायकांच्या हाती ही होख्मा असते. १०७ व्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांची होख्मा संपते, म्हणजे नाव हाकायचं त्यांचं कसब चालेनासं होतं. नीतिसूत्रांच्या शेवटी २२ कडव्यांची एक कविता आहे, हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराने सुरू होणारी. तिच्यातली बाई लोकर आणि जवस आणते, चाती धरते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, कापड विणून विकते. तिचे दंड बळकट आहेत. हे सगळं आधी सांगून झाल्यावर ती होख्मेने बोलते, असं येतं. तिच्यासाठी वापरलेला हायिल हा शब्द हिब्रूत सैन्यालाही लागतो. नुसतं सद्गुणी म्हटलं तर त्यातली ताकद जाते.

मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणं, छापणं, पानं दुमडणं, बांधणी हे सारं तिथल्या मुली आणि बायका करत. त्यातल्या कित्येकींना दुष्काळाने तिथे आणलं होतं. कातणाऱ्या, विणणाऱ्या बाईची ती कविता मराठीत छापून निघाली ती अशा हातांतून.

अनुवाद मात्र चर्चमध्ये रुजला नाही. मुळाला धरून राहण्याच्या हट्टापायी भाषा काही ठिकाणी अवघडली, हे मान्य करायला हवं. त्याच सुमारास नगरमध्ये ना. वा. टिळक उलट्या वाटेने निघाले होते. ते ख्रिस्तभक्ती अभंगात ओतत होते, आणि त्यांची पदं लोकांच्या ओठी बसली. रमाबाईंना मात्र शब्दाशी तडजोड नको होती.

१९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.