अमृतांजनचे जनक : काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु

आमच्या घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात दोन बाटल्या कायम असतात. एक लालसर 'जिंदा तिलिस्मात'ची आणि दुसरी पिवळ्या अमृतांजनची. सर्दी-पडसे झाले की आजीचा हात पहिलीकडे जातो, डोके दुखले की दुसरीकडे. हैदराबादच्या बहुतेक घरांत हेच चित्र दिसेल. जिंदा तिलिस्मात तर आपल्याच शहराचे औषध. हकीम मोईजुद्दीन फारुकी यांनी १९२० साली ते येथे बनवावयास आरंभ केला. अमृतांजनचा जन्म मात्र मुंबईत झाला, आणि त्याला जन्म देणारे गृहस्थ होते तेलुगू. त्या नागेश्वरराव पंतुलूंचे चरित्र आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

नागेश्वररावांचा जन्म १८६७ साली कृष्णा जिल्ह्यात एका साध्या कुटुंबात झाला. मच्छलीपट्टणम येथे शालेय शिक्षण घेऊन ते मद्रासला गेले आणि १८९१ साली ख्रिश्चन कॉलेजातून पदवीधर झाले. त्या काळी आंध्रातील तरुणांवर समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम यांच्या लेखणीचा मोठा पगडा होता. त्यांच्या पत्राचे नाव 'विवेकवर्धिनी'. हे नाव हैदराबादच्या मराठी माणसाला आपल्या शाळेमुळे घरचेच वाटेल! नागेश्वररावांवरही त्या लेखांचा संस्कार झाला. पदवी हाती असूनही सरकारी नोकरीत त्यांचे मन रमणारे नव्हते. मद्रासला थोडे दिवस धंदा करून पाहिला. मग कलकत्त्यास एका औषधांच्या दुकानात काम करता करता औषधे तयार करण्याची रीत शिकून घेतली. तेथून ते मुंबईस आले आणि एका कचेरीत नोकरीस लागले. परंतु स्वतःचा धंदा काढायचा ही खूणगाठ मनात पक्की होती.

तो काळ व्हिक्टोरिया राणीचा. इंग्लंड-अमेरिकेत तेव्हा टॉनिकांचा आणि गोळ्यांचा महापूर लोटला होता. एकच बाटली खोकल्यापासून वेडापर्यंत सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकली जाई. आत काय आहे हे सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नव्हते. अमेरिकेत स्त्रियांच्या तक्रारींवर लिडिया पिंकहॅम यांचे एक प्रसिद्ध औषध होते. त्यात मद्यार्क भरपूर असे. रडणाऱ्या बाळांना शांत करणाऱ्या मिसेस विन्स्लो यांच्या सिरपात तर चक्क मॉर्फिन होते. बाळ शांत होई, पण काही बाळे कायमचीच शांत झाली.

आता थोडा हिशेब पाहू. इंग्लंडमध्ये बीचमच्या गोळ्या घरोघरी होत्या. १९०९ साली तेथील डॉक्टरांच्या संघटनेने अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून पुस्तक छापले. बीचमच्या गोळीत कोरफडीचा अर्क, सुंठ आणि साबण एवढेच निघाले. १ शिलिंग दीड पेन्सला मिळणाऱ्या डबीतील मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग भरली. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. गणित मांडले तर ग्राहक मालाच्या १०८ पट पैसे मोजत होता. त्यातून सरकारी मुद्रांक आणि इतर खर्च वजा केला, तरी बाकी मोठीच राहते. ग्राहक ती देत होता आशेसाठी.

हे सारे दूरदेशीचे आणि जुन्या काळचे, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत असे. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या आजोबांनी एक जाहिरात वाचून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि कसल्याशा टॉनिकच्या बाटल्या मागवल्या. मधुमेह, दमा, संधिवात, अशक्तपणा, सारे काही त्याने मुळासकट जाणार होते. चार महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि एक अंगठा काढावा लागला. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला नंतर कळले. आजोबा चांगले शिकलेले होते. पण रोजच्या गोळीला कंटाळलेल्या माणसाला कोणी कायमच्या सुटकेचे वचन दिले, तर शिक्षण आडवे येत नाही. तेव्हापासून विक्रेत्याने किती वचन द्यावे, हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. त्याचे उत्तर शोधताना नागेश्वररावांची गोष्ट हाती लागली.

१८९३ साली नागेश्वररावांनी मुंबईत अमृतांजन बाजारात आणले. नाव मोठे, साक्षात अमृताचे! त्या काळचा वारा त्यांनाही लागला असावा. पण घराघरांत त्याचे काम ठरले ते लहानसे : डोकेदुखी, सर्दी, अंगदुखी. कापूर, पुदिन्याचे सत्त्व, निलगिरीचे तेल असली द्रव्ये अशा मलमात असतात. त्यांनी कातडीला थंड आणि मग ऊब वाटते, ठणका कमी भासतो. रोगाचे मूळ त्याने जात नाही. पण दुखणे थोडा वेळ हलके होते, आणि तेवढे झाले की नाही हे ज्याचे त्याला पाच मिनिटांत कळते. लोकांना ते कळावे म्हणून नागेश्वररावांनी नामी युक्ती काढली. संगीताच्या मैफलींना जमलेल्या श्रोत्यांत ते हे मलम फुकट वाटत. बीचमचा ग्राहक आधी पैसे मोजी आणि मग वाट पाही. येथे ग्राहक आधी पारख करी आणि मग पैसे देई. माझ्या मते दोन व्यापारांतला खरा फरक हाच.

मलम खपले आणि नागेश्वरराव लक्षाधीश झाले. एखादा दुसरा तेवढ्यावर थांबला असता. मुंबईत तेव्हा तेलंगणातून आलेले कामाठी आणि गिरणी कामगार बरेच होते, परंतु नागेश्वररावांच्या मनासारखे तेलुगू पत्र नव्हते. १९०८ साली त्यांनी मुंबईतच 'आंध्रपत्रिका' हे साप्ताहिक काढले. १९१४ साली ते मद्रासला नेऊन दैनिक केले. १९२४ साली 'भारती' हे वाङ्मयीन मासिक सुरू झाले, पुढे 'आंध्र ग्रंथमाला' निघाली आणि गावोगावच्या वाचनालयांना त्यांचा हात लागला. डोक्याचा ठणका थांबवणाऱ्या पैशातून डोक्याला खाद्य मिळू लागले!

ते गांधीजींच्या चळवळीतही उतरले. आंध्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास पत्करला. लोकांनी त्यांना 'देशोद्धारक' म्हटले, तर आंध्र विद्यापीठाने 'कलाप्रपूर्ण' ही पदवी दिली. १६ नोव्हेंबर १९३७ रोजी मद्रासच्या त्यांच्या 'श्रीबाग' बंगल्यात किनारी आंध्र आणि रायलसीमा येथील पुढाऱ्यांचा प्रसिद्ध करार झाला. स्वतंत्र आंध्र राज्य १९५३ साली आले. ते पाहण्यास नागेश्वरराव नव्हते. ११ एप्रिल १९३८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

इंग्लंडमध्ये थॉमस हॉलोवे यानेही सर्वरोगहर गोळ्यांच्या पैशातून स्त्रियांसाठी भव्य कॉलेज बांधले, आणि १८८६ साली खुद्द राणीने त्याचे उद्घाटन केले. म्हणजे दान तेथेही झाले. पण दानाने आधीचे खोटे वचन खरे होत नाही. पैसा कोठे गेला याबरोबर तो कसा आला हेही खतावणीत पाहावे लागते. नागेश्वररावांच्या खात्यावर दोन्ही बाजू पाहिल्या की मन समाधान पावते.

आजोबा आता नियमाने गोळ्या घेतात. संध्याकाळी डोके जड झाले की अमृतांजनही मागतात. चोळताना मी मुद्दाम विचारते, याने मधुमेह जाईल का? ते हसतात, आणि आधी गोळीची वेळ झाली का ते घड्याळात पाहतात.