ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली मरेपर्यंत प्रामुख्याने साष्टीत राबले. पुराणे ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती भाविकांना आता काय ऐकवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. म्हणून त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत, जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंत, ‘ख्रिस्तपुराण’ रचले. धर्मशिक्षणासाठी एवढे कष्ट आज कोण घेतो? १६१६ साली ते राशोलला छापले, तेही रोमन लिपीत. देवनागरी खिळेच नव्हते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. छापील प्रती नाहीशा झाल्या. पण मंगळूरकडच्या ख्रिस्ती घराण्यांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांवरूनच १९०७ साली ग्रंथ पुन्हा छापला गेला. देवनागरीत यायला मात्र १९५६ साल उजाडले.